उघडलेलं वॉर्निश आणि पॉलिश टिकवायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक लिटर ऑइल वॉर्निश आणलं, अर्धं वापरलं, झाकण घट्ट ठोकून डबा कपाटात ठेवला. काही महिन्यांनी उघडून बघितलं तर वर जाड साय आणि खालचं वॉर्निश दाट. शेजारच्या बाटलीतलं स्पिरिटमधलं लाखेचं पॉलिश दिसायला जसंच्या तसं होतं, पण लाकडावर लावल्यावर दोन दिवस झाले तरी चिकटच. डबा उलटा ठेवा, झाकण लावण्याआधी आत फुंकर मारा, वर काचेच्या गोट्या टाका असे सल्ले मिळाले आहेत. यातलं खरं किती?

दोन्ही वस्तू एकाच कपाटात होत्या, दोन्ही बंद होत्या, तरी बिघडण्याची कारणं वेगळी आहेत. त्यामुळे ‘फिनिश कसं साठवायचं’ याला एकच उत्तर नाही. आधी आपल्या हातातलं फिनिश सुकतं कसं ते बघा. बहुतेक वेळा ज्या गोष्टीने ते लाकडावर सुकतं, तीच गोष्ट त्याला डब्यात बिघडवते. ऑइल वॉर्निशला प्राणवायू लागतो, पाण्यातल्या फिनिशमधलं पाणी उडावं लागतं, पीयूला (दोन घटकांच्या पॉलियुरेथेनला) हार्डनर, म्हणजे कडक करणारा दुसरा घटक, लागतो. लाख मात्र या नियमात बसत नाही, तिच्याकडे नंतर येतो.

ऑइल वॉर्निश, अल्किड वॉर्निश, एका डब्यात येणारं तेलातलं पॉलियुरेथेन, उकळलेलं जवसाचं तेल, टंग तेल, हार्डवॅक्स ऑइल ही सगळी एकाच घराण्यातली. यातलं टर्पेंटाइन उडून जातं ही फक्त सुरुवात असते. खरं सुकणं पुढे होतं. तेलाचे रेणू हवेतला प्राणवायू घेतात आणि एकमेकांना जोडले जातात. म्हणून जवसाचं शुद्ध तेल सुकताना वजनाने घटत नाही, उलट भरतं. हे जोडलं जाणं परत फिरत नाही. सायीवर कितीही थिनर ओतलं तरी ती विरघळत नाही, फार तर फुगते.

आता अर्ध्या भरलेल्या डब्याचा हिशेब करू. एक लिटरच्या डब्यात अर्धा लिटर वॉर्निश असेल तर वर अर्धा लिटर हवा आहे. हवेचा एक पंचमांश भाग प्राणवायू, म्हणजे सुमारे १०० मिलिलिटर. वजनात मोजला तर जेमतेम ०.१४ ग्रॅम. पूर्ण सुकताना तेल स्वतःच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक प्राणवायू घेऊ शकतं असं धरलं, तर एवढ्या प्राणवायूत ग्रॅम-सव्वा ग्रॅम तेल पुरतं सुकेल. म्हणजे पातळ साय येईल आणि आतला प्राणवायू संपला की काम थांबेल. झाकण खरोखर हवाबंद असेल तर अर्धा डबा वर्षभरानेही बऱ्यापैकी वापरण्याजोगा निघतो.

मग तुमचा डबा इतका का बिघडला? दोनच शक्यता. एक तर झाकण बसलं नव्हतं आणि हवा हळूहळू आत जात राहिली. नाहीतर मधल्या काळात डबा पुन्हा पुन्हा उघडला गेला. प्रत्येक वेळी झाकण उघडलं की आतली वापरलेली हवा जाते आणि ताज्या प्राणवायूचा नवा हप्ता मिळतो. शिवाय वॉर्निशमध्ये साय धरू नये म्हणून ऑक्झाइम नावाचं उडून जाणारं रसायन घातलेलं असतं, तेही दर वेळी थोडं थोडं निघून जातं. माझ्या मते डबा किती महिने ठेवला यापेक्षा तो कितीदा उघडला याला जास्त महत्त्व आहे. दर आठवड्याला ‘जरा टचअप’ म्हणून उघडला जाणारा डबा सर्वांत आधी जातो.

यावर उपाय म्हणजे डबा पहिल्यांदा उघडाल त्याच दिवशी माल वाटून टाकायचा. दोनतीन लहान बाटल्या घ्या, २५० किंवा १०० मिलिलिटरच्या, आणि त्या गळ्यापर्यंत भरा. एका वेळी एकच बाटली उघडायची, बाकीच्यांना हात लावायचा नाही. बाटली अगदी काठोकाठ मात्र भरू नका. उन्हाळ्यात द्रव फुगतो, काचेची बाटली तडकते किंवा झाकणातून गळते. गळ्यात बोटभर जागा सोडा.

बाटली कशाची, हाही प्रश्न येतो. काच सर्वांत चांगली, फक्त अंधारात ठेवायची. पीईटी, म्हणजे पारदर्शक, कडक प्लास्टिक तेलातल्या वॉर्निशला चालतं. पण पांढरट, मऊसर पॉलिथिनच्या बाटलीतून प्राणवायूही आत शिरतो आणि टर्पेंटाइनही बाहेर झिरपतं, म्हणून ती लांबच्या साठवणीला नको. पातळ प्लास्टिकच्या बाटलीत वॉर्निश ठेवलं तर काही आठवड्यांनी तिच्या बाजू आत ओढल्यासारख्या दिसतात. पीईटीच्या, घट्ट झाकणाच्या बाटलीत हे दिसलं तर घाबरू नका. आतला प्राणवायू वॉर्निशने खाल्ला, तेवढी जागा रिकामी झाली आणि बाहेरच्या हवेने बाटली दाबली. झाकण पक्कं आहे याची ती खूणच समजा. अशी बाटली उघडल्यावर ‘फस्’ करून हवा आत जाते, तेव्हा पुन्हा बंद करण्याआधी बाटली दाबून द्रव गळ्यापर्यंत वर आणा आणि तशीच धरून झाकण पिळा. हवा काढण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही.

आता पत्र्याच्या डब्याच्या झाकणाबद्दल, कारण निम्मी नासाडी तिथेच होते. दाबून बसणाऱ्या झाकणाची हवाबंदी काठावरच्या खोबणीत असते. आपण डब्यातच ब्रश बुडवतो, काठावर निथळवतो, खोबण वॉर्निशने भरते. मग झाकण ठोकलं की ते वॉर्निश बाहेर उडतं, उरलेलं खोबणीत सुकतं, आणि पुढच्या वेळी झाकण त्या सुकलेल्या थरावर तिरकं बसतं. बाहेरून घट्ट दिसतं, आत बारीक फट राहते. त्यात पेचकसाने एकाच जागी जोर लावून झाकण उघडायची सवय असली की काठ वाकतो आणि तो डबा पुन्हा कधीच नीट बंद होत नाही. डबा उघडताना थोडं थोडं उचलत पूर्ण फेरी मारा. काम डब्यातून करूच नका. लागेल तेवढा माल वाटीत ओतून घ्या आणि वाटीत उरलेला परत डब्यात टाकू नका. त्यात धूळ, लाकडाचा भुसा आणि हवा खाऊन बसलेलं वॉर्निश असतं. खोबणीच्या तळाला खिळ्याने चारपाच भोकं पाडली तर सांडलेलं परत डब्यात निथळतं. झाकण खोबणीच्या भिंतींवर बसत असल्याने भोकांमुळे हवाबंदी जात नाही. बंद करण्याआधी खोबण फडक्याने पुसा, झाकणावर लाकडाची फळी ठेवा आणि फळीवर ठोका. थेट झाकणावर हातोडी मारली तर मध्ये खळगा पडतो आणि कडा वर येतात.

थोडं थोडं वॉर्निश वारंवार लागत असेल तर आणखी एक युक्ती आहे. झाकण उघडायचंच नाही. झाकणावर समोरासमोर दोन बारीक भोकं पाडा, एकातून ओता, दुसऱ्यातून हवा आत जाईल. काम झालं की दोन्हीत लहान स्क्रू पिळून बंद करा. तेलातल्या मालासाठीच हे करा. पाण्यातल्या फिनिशला स्क्रूचा आणि कापलेल्या पत्र्याचा गंज लागेल.

तुम्हाला मिळालेले सल्ले आता तपासू. डबा उलटा ठेवल्याने आतली हवा कमी होत नाही. ती फक्त दुसऱ्या टोकाला जाते आणि साय तिथे धरते. डबा सरळ केला की साय तळाशी दिसते, म्हणून लोकांना वाटतं की ती आलीच नाही. झाकणाला फट असेल तर द्रवाने ती बुजते हे खरं, पण त्याच फटीतून वॉर्निश कपाटभर सांडतंही. फुंकर मारण्याचा उपयोग जवळजवळ शून्य. उच्छ्वासात अजून सुमारे सोळा टक्के प्राणवायू शिल्लक असतो, वर ओल जाते ती वेगळीच. काचेच्या गोट्यांचं तत्त्व बरोबर आहे, द्रवाची पातळी वर येते आणि हवेला जागा उरत नाही. पण त्या स्वच्छ धुवाव्या लागतात, ओतताना धडाधड बाहेर येतात आणि शेवटी वॉर्निशने माखलेल्या गोट्या कोणी पुसत बसत नाही. मला तो खटाटोप वाटतो. पृष्ठभागावर प्लास्टिकचा पातळ कागद टेकवून पसरणं जास्त सोपं. कागद वॉर्निशला चिकटलेला हवा, मधे हवेचे बुडबुडे नकोत.

फवारणीच्या डब्यात मिळणारा आर्गॉन वायू चांगलं काम करतो. तो हवेपेक्षा सुमारे १.४ पट जड असल्याने खाली बसतो आणि कशाशीही अभिक्रिया करत नाही. झाकण थोडं तिरकं धरून दोनचार सेकंद हळू सोडायचा आणि लगेच झाकण लावायचं. जोरात सोडला तर हवेत मिसळतो आणि पैसे वाया जातात. महाग टंग तेल किंवा हार्डवॅक्स ऑइल साठवत असाल तर आर्गॉन परवडतो, साध्या वॉर्निशला लहान बाटल्या पुरतात. लायटर भरायचा ब्युटेन वापरणारेही आहेत. तो प्राणवायूला बाहेर काढतो हे खरं, पण ज्वालाग्राही द्रवावर ज्वालाग्राही वायूचा थर आणि तो कोंडलेला डबा घरात, हे मी कोणालाही करू देणार नाही.

आता लाख. चपडी लाख (पापुद्र्यांच्या रूपात मिळणारी) स्पिरिटमध्ये विरघळते आणि स्पिरिट उडालं की सुकते. तिला प्राणवायूची गरज नाही, म्हणून आर्गॉन, गोट्या, लहान बाटल्या यांनी तिचं आयुष्य वाढत नाही. तिचं दुखणं वेगळं आहे. लाखेतली आम्लं आणि स्पिरिटमधलं अल्कोहोल यांची सावकाश अभिक्रिया होऊन एस्टर बनतात. बाटली भरलेली असो वा अर्धी, बंद असो वा उघडी, विरघळवलं त्या दिवसापासून हे सुरूच राहतं. रंग बदलत नाही, वास बदलत नाही, पण थर सुकायला वेळ लागतो आणि शेवटी तो कायमचा मऊ, चिकट राहतो. तुमच्या बाटलीत हेच झालं आहे. घरी विरघळवलेल्या लाखेला मी साधारण सहा महिन्यांची मुदत धरतो, ऊन-उष्णता असेल तर त्याहूनही कमी. उपाय एकच, लागेल तेवढीच लाख विरघळवायची आणि बाटलीवर तारीख घालायची. बाकीची चपडी कोरडी, थंड, अंधाऱ्या जागी ठेवायची. चपडीही अमर नाही. जुनी झाली की ती स्पिरिटमध्ये पूर्ण विरघळत नाही, तळाशी जेलीसारखे गोळे राहतात. ब्लीच केलेली पांढरी लाख सर्वांत लवकर जाते.

दोन गोष्टी मात्र लाखेत बिघाड समजू नका. तळाशी पांढुरकं गढूळ बसतं ते लाखेतलं नैसर्गिक मेण असतं. वरचं हळूच ओतून घेतलं की झालं. आणि लाख उघड्या लोखंडाच्या संपर्कात आली तर काळपट पडते, म्हणून ती काचेत किंवा प्लास्टिकच्या बाटलीत ठेवा, साध्या पत्र्याच्या डब्यात नको. झाकण घट्ट हवंच, पण ते प्राणवायूसाठी नाही. स्पिरिट हवेतली ओल खेचून घेतं आणि मग लाखेच्या थरावर पांढरट झाक येते.

एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर या सगळ्यात सोशीक. ते फक्त थिनर उडून सुकतं, त्यामुळे दाट झालं तर त्याच्याच थिनरने परत पातळ होतं. मूळ डब्यातच ठेवा, कारण त्याचं थिनर बरीच प्लास्टिकं खातं. आगीपासून लांब ठेवा, बाकी फार चिंता नाही.

दोन घटकांच्या पीयूत खरी नाजूक वस्तू हार्डनर आहे. त्यातलं आयसोसायनेट हवेतल्या ओलाव्याशी अभिक्रिया करतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. आधी हार्डनर गढूळ होतो, मग त्यात कण दिसतात, मग तो थिजतो. डबा फुगलेला दिसला तर तोंडाजवळ धरून झाकण उघडू नका, आत दाब असतो. पावसाळी, दमट दिवशी हार्डनर उघडा ठेवून ब्रश शोधत बसणं म्हणजे तो अर्धा मारणंच. लागेल तेवढा ओता, काठ कोरडा पुसा, लगेच झाकण लावा. डबा अर्ध्यावर आला की लहान कोरड्या बाटलीत काढा. इथे ‘कोरडी’ म्हणजे खरोखर कोरडी, धुऊन निथळवलेली नाही. एनसीचं थिनर पीयूत घालायचं नाही, कारण त्यात बहुधा अल्कोहोल असतं आणि ते हार्डनर खाऊन टाकतं. एकदा मिसळलेला माल साठवायचा विचारच नको. तो बंद डब्यात ठेवला तर थिजतो तर खराच, पण डबाही फुगवू शकतो. उरलेला उघड्या भांड्यात, हवेशीर जागी घट्ट होऊ द्या. आम्लाने कडक होणाऱ्या मेलामाइन फिनिशचंही तसंच. त्याचा हार्डनर आम्लधर्मी असतो, म्हणून तो ज्या प्लास्टिकच्या बाटलीत येतो तिथेच राहू द्या, पत्र्यात ओतू नका.

पाण्यातल्या फिनिशला प्राणवायूचं वावडं नाही, पाणी उडण्याचं आणि घाणीचं आहे. डब्याच्या भिंतींवर आणि झाकणाखाली पातळ पापुद्रे सुकतात, ते आत पडतात आणि मग टेबलावर बारीक कण उमटतात. म्हणून हे फिनिश दर वेळी गाळूनच वापरायचं, नवा डबा असला तरी. वापरलेला ब्रश डब्यात बुडवला की जंतू जातात आणि काही दिवसांनी आंबूस वास येतो. असा माल टाकून द्या. साठवण्याआधी ‘जरा सैल राहील’ म्हणून पाणी घालू नका, त्याने आतलं परिरक्षक (माल कुजू न देणारं रसायन) पातळ होतं. गोठण्याइतकी थंडी असेल तर डबा आत घ्या. एकदा गोठून फुटलेलं फिनिश ढवळून जोडता येत नाही. आणि पत्र्याच्या डब्याच्या खोबणीवरचं अस्तर खरवडलं गेलं असेल तर गंज आत पडतो. सागवान किंवा ओकसारख्या टॅनिन असलेल्या लाकडावर तो गंज काळ्या ठिपक्यांच्या रूपाने दिसतो. प्लास्टिकच्या बाटलीत काढून ठेवणं इथे शहाणपणाचं, मऊ पॉलिथिनचीही चालेल.

मेणाचं पॉलिश कडक झालं तर चिंता नको. डबी गरम पाण्यात ठेवून मऊ करा आणि थोडं टर्पेंटाइन मिसळा. पण गॅस बंद करून, आच पूर्णपणे दूर ठेवून. स्प्रेच्या कॅनसाठी एवढंच करा, काम झाल्यावर कॅन उलटा धरून नुसता वायू येईपर्यंत फवारा म्हणजे नोझल तुंबणार नाही.

सर्वच प्रकारांना लागू असलेलं थोडं. गारवा हवा, कारण ढोबळमानाने तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा अभिक्रियांचा वेग दुप्पट होतो. पण म्हणून थिनर असलेला माल घरातल्या फ्रिजमध्ये ठेवू नका. आत साठलेल्या वाफेला थर्मोस्टॅटची एक ठिणगी पुरते. खाण्यापिण्याच्या बाटल्यांत फिनिश भरू नका, मुलं पितात. बाटलीवर नाव, कंपनी, उघडल्याची तारीख आणि थिनर घातला असल्यास किती, हे लिहा. पेनाची शाई थिनरने पुसली जाते, म्हणून चिठ्ठीवर पारदर्शक टेप लावा. आणि वापरण्याआधी डबा हलवू नका. हलवल्याने बुडबुडे येतात आणि हवा सगळ्या मालात मिसळते. मॅट किंवा सॅटिन फिनिश असेल तर चपट्या काडीने तळ खरवडत सावकाश ढवळा, चमक कमी करणारी पूड तिथेच बसलेली असते.

जुन्या मालावर शंका असेल तर काचेच्या तुकड्यावर एक थेंब पातळ पसरवा आणि डब्यावर लिहिलेल्या वेळेनंतर नखाने दाबून बघा. नख रुतलं किंवा थर चिकट लागला तर तो माल फर्निचरवर नको. काच एवढ्यासाठी की ती काही शोषत नाही. लाकडाच्या तुकड्यावर अर्धा माल आत जिरतो आणि वाईट वॉर्निशही सुकल्यासारखं वाटतं.

तुमच्या त्या दोन वस्तूंचं आता काय? वॉर्निशची साय ढवळू नका. ब्लेडने कडेने कापून अख्खी उचलून काढा, खालचं वॉर्निश बारीक जाळीच्या गाळण्यातून किंवा जुन्या नायलॉनच्या मोज्यातून गाळा. काडी उचलल्यावर ते सलग धारेने पडत असेल तर थोडं टर्पेंटाइन घालून काचेवर परीक्षा घ्या आणि पास झालं तर आतल्या बाजूंना, फळ्यांच्या खालच्या अंगाला वापरा. टेबलाच्या वरच्या शेवटच्या हाताला नको. तार धरत असेल किंवा गोळे पडत असतील तर नाद सोडा. लाखेची बाटली वाचवता येत नाही. ज्या लाकडावर ती लावली आहे, तिथला चिकट थर स्पिरिटने भिजवून पुसून काढा, तो सहज निघेल, आणि नवी लाख लावा. टाकायचा माल मोरीत ओतू नका. वाळूत मिसळून मोकळ्या हवेत वाळवा आणि तुमच्याकडे घातक कचरा जिथे घेतात तिथे द्या. तेलातल्या वॉर्निशची फडकी मात्र चुरगळून कचऱ्यात टाकू नका. सुकताना त्यांत उष्णता साठते आणि ती आपोआप पेट घेऊ शकतात. ती उघड्यावर एकेक पसरून वाळवा, नाहीतर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा.